मातीचा वास, मोगऱ्यातला मद: घरच्या अत्तराला बूड कसं द्यावं

घरी अत्तर मिसळायला लागलेल्यांच्या बाटल्या माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांत एकच उणीव असते. गुलाब छान, संत्रं छान, व्हॅनिला छान, आणि तासाभराने मनगटावर काहीच उरलेलं नसतं. वास स्वच्छ असतो, पण त्याला बूड नसतं. हे बूड येतं मातकट आणि जनावरी वासांमुळे. वाळा, नागरमोथा, ओली माती, दगडफूल, कस्तुरी, घाम, अगदी गोठासुद्धा. यादी वाचून नाक मुरडू नका. तुम्हाला आवडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जुन्या अत्तरात यातलं काहीतरी आहे, फक्त ते वेगळं ओळखू येत नाही इतकं कमी आहे.

मी नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे हेच वास दोष म्हणून नोंदवले जातात. जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात. मध्येच अवकाळी पाऊस झाला आणि घड कुजले, की त्यांवर आधी बोट्रायटिस आणि पाठोपाठ पेनिसिलियम एक्स्पान्सम या बुरशी वाढतात आणि रसाला ओल्या मातीचा वास लागतो. तो जिओस्मिन नावाच्या रेणूचा. लाकडी पिंपात ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट शिरलं, की ४-इथाइल फिनॉल तयार होतं आणि वाइनला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. दिवसभर हे वास पकडून बाजूला काढायचे आणि संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या घरी, ओट्यावर वजनकाटा मांडून, तेच थेंबाथेंबाने आत घालायचे, असं माझं चाललेलं असतं. दोन्हीकडे सगळं मात्रेवर ठरतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते बहुतांशी मात्रेबद्दलच आहे.

आधी नाक, मग बाटल्या

काहीही विकत घेण्याआधी एक बीट आणा. धुवून, पुसून, साल हुंगा. जो मातीचा वास येतो तो बीटाला चिकटलेल्या मातीचा नाही, बीटातच असलेल्या जिओस्मिनचा आहे. आता बीट किसा, दोन वाट्यांत वाटून एका वाटीत लिंबू पिळा, पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हुंगा. लिंबाच्या वाटीत मातीचा वास उतरलेला जाणवेल, कारण आम्लात जिओस्मिनचा रेणू मोडतो आणि नवा रेणू वासाचा नसतो. बीटाच्या कोशिंबिरीत लिंबू का हवं, तेही यात आलं.

जिओस्मिन मातीत कुणामुळे येतं? मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूंमुळे. १९६५ साली गर्बर आणि लेशेव्हालिए यांनी ते वेगळं काढून त्याला नाव दिलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक जीव या वासाकडे ओढले जातात, जीवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पसरवतात. म्हणजे हा वास मुळात एक आमंत्रण आहे. आपलं नाकही त्याला विलक्षण तयार आहे. पाण्यात लाख कोटी भागांत जेमतेम पाच-दहा भाग जिओस्मिन असलं तरी माणसाला ते कळतं. गंगापूर धरणाचं पाणी एखाद्या उन्हाळ्यात नळाला मातकट लागलं, तर ते एवढ्याशा मात्रेनेही लागू शकतं, हे लक्षात घ्या. अत्तरात घालताना आपल्याला किती सांभाळायचंय याचा अंदाज येईल.

दुसरा सराव मातीचा. निफाडच्या बाजूची काळी आणि त्र्यंबकच्या वाटेवरची तांबडी मुरमाड, अशी दोन्ही मूठमूठ आणा. कडक उन्हात चांगली सुकवा, काचेच्या बरण्यांत एक तृतीयांश भरा, वरून पाण्याचा हलका फवारा मारा, झाकण लावा. दहा मिनिटांनी उघडा. मला काळ्या मातीत बीट आणि किंचित कापूर सापडतो. तांबडीत धूळ जास्त, वास हलका आणि उन्हाळलेला. फवारा हलकाच हवा. २०१५ साली एमआयटीमध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं गेलं, की थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि मातीतला वास बारीक तुषारांत उडवतात. हलक्या-मध्यम पावसात हे जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. इगतपुरीच्या श्रावणापेक्षा नाशकातला पहिला वळीव जास्त का घमघमतो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण कोरड्या महिन्यांत आहे. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं, की दगड-माती कोरड्या हवेत वनस्पतींचे तैलांश शोषून ठेवते आणि ओल येताच सोडते. आपल्याकडे मातीचं अत्तर काढतात, याची नोंद त्यांच्याही लेखात आहे.

ते अत्तर कनौजचं. अर्धवट भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्यासोबत घालतात, झाकण मातीने लिंपतात, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात जाते आणि भपक्यात आधीपासून असलेल्या चंदनतेलात मातीचा वास उतरतो. चंदनाचं तेल आज ज्या भावाने मिळतं तो पाहिला, की शंभर-दीडशे रुपयांचं मिट्टी अत्तर चंदनातलं असू शकत नाही, एवढं नक्की समजा. ते वाईट असेलच असं नाही. कुणीतरी जिओस्मिन नीट मोजून द्रावकात घातलेलं असेल तर चांगलंही लागतं. पण त्याला कनौजचा भाव देऊ नका.

घरी करून पाहायचं असेल तर मातीचं पाणी काढता येतं. कुंभारवाड्यातून नव्या, रंग न दिलेल्या, तेल न लागलेल्या पणत्या आणा आणि चैत्र-वैशाखात गच्चीवर उघड्या ठेवा. हवेतलं त्यांना शोषू द्या. पावसाच्या आधी त्या फोडा, स्टीलच्या खोल पातेल्यात तळाशी पसरा, मधोमध एक वाटी उंचावर बसवा, तुकडे बुडतील एवढंच पाणी घाला. झाकण उलटं ठेवा आणि त्यावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. जे पाणी जमतं त्याला हलका, गोडसर मातीचा वास असतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. अत्तरात ते मिसळत नाही, कारण तेलात पाणी बसत नाही. पण उशीवर शिंपडायला फार छान, आणि नाकाला मातीचा नुसता वास कसा असतो ते कळतं.

काष्ठौषधीच्या दुकानातून

मेन रोडकडून भद्रकालीच्या बाजूला वळलं की काष्ठौषधीची जुनी दुकानं लागतात. चार गोष्टी घ्यायच्या: वाळा, नागरमोथा, दगडफूल, कस्तुरभेंडीचं बी. मी जिथून घेते तिथले काका पुडी बांधण्याआधी नेहमी सांगतात, “ताई, मुळी मोडा आणि मग हुंगा. वरून सगळ्या सारख्याच दिसतात.” खरंच आहे. वाळ्याची जुनी मुळी मोडल्यावर नुसत्या काडीचा वास देते. ताज्या मुळीत माती, लिंबाची साल आणि थोडा धूर असतो.

वाळा हा शिकण्यासाठी सगळ्यात चांगला मातकट वास, कारण तो आपल्या आठवणीत आधीच बसलेला आहे. माठात टाकलेली जुडी, कूलरच्या ताट्या. तेल घेताना मात्र ते कुठलं ते विचारा. हैतीचं तेल स्वच्छ आणि थोडं हिरवट असतं, जावाचं धुरकट आणि जड. आपल्याकडचं तांब्याच्या डेगमध्ये काढलेलं रूह खस तांब्यामुळे हिरवं दिसतं आणि फार गडद लागतं. गर्लेनचं १९५९ चं व्हेटिव्हर किंवा लालिकचं २००६ चं आंक्र न्वार कुठे हुंगायला मिळालं तर जरूर हुंगा. पहिल्यात वाळ्याला तंबाखू आणि लिंबूवर्गाची साथ आहे, दुसऱ्यात वाळा जवळजवळ काळोखा करून ठेवलाय. एकाच मुळीचा किती वेगळा वापर होतो ते या दोघांत दिसतं.

नागरमोथ्यावर माझा विशेष जीव आहे. शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शिव्या देतो, कितीही खुरपला तरी गाठीतून परत येतो, त्याच कुळातला हा. व्यापारात त्याच्या तेलाला सिप्रिओल म्हणतात. वास मातीचा, पण धुरकट, चामड्याकडे झुकणारा. आजच्या पुष्कळ परदेशी ऊद अत्तरांत खऱ्या ऊदाच्या जागी हेच तेल काम करतं. आणि माझ्या रोजच्या कामाशी त्याचं थेट नातं आहे. शिराझ द्राक्षाच्या वाइनला काळ्या मिऱ्याचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या रेणूमुळे, हे ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. या रेणूचं नावच सायपेरस रोटंडस, म्हणजे लव्हाळ्यावरून आलेलं, कारण तो आधी त्याच्या गाठींत सापडला होता. दिंडोरीच्या शिराझचा पेला आणि नागरमोथ्याची ठेचलेली गाठ शेजारी ठेवून हुंगा. दोघांतला तो तिखट, कोरडा धागा एकदा सापडला की नागरमोथ्यासोबत मिरी किंवा गुलाब का जमतो, ते कुणी सांगावं लागत नाही.

पॅचौलीच्या पानांच्या तेलाबद्दल थोडक्यात. नवी पॅचौली तळघरासारखी ओलसर लागते, जुनी होत गेली की गोडावते. घेऊन वर्षभर विसरा.

दगडफूल आपण गोड्या मसाल्यात घालतो. तेलात पडेपर्यंत त्याला जवळजवळ वास नसतो, आणि तेल तापलं की ओलं जंगल उभं राहतं. युरोपात ओकच्या झाडावरचं असंच एक दगडफूलवर्गी, ओकमॉस, फ्रेंच अत्तरकार कोटी यांच्या १९१७ च्या शिप्र या अत्तरापासून एका अख्ख्या घराण्याचा तळ बनलं. आता त्याच्यावर कडक बंधनं आहेत. त्यातले अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल हे घटक त्वचेला अॅलर्जी देतात म्हणून युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांवर बंदी घातली. म्हणून दगडफूल गरम तेलात मुरवून ते अंगाला लावायच्या फंदात पडू नका. वास शिका, आणि अत्तरात घालायचा असेल तर व्हेरामॉस किंवा एव्हर्निल नावाने मिळणारा कृत्रिम स्फटिक दहा टक्के द्रावणात वापरा. तो कोरडा, थोडा पावडरी आहे. दगडफुलाची ओल त्याच्यात नाही, ती वाळा आणि पॅचौलीने भरून काढावी लागते.

दुकानात उपलेटही दिसेल, म्हणजे हिमालयातलं कुष्ठ मूळ. न धुतलेल्या केसांचा, उबदार वास. पूर्वीच्या अत्तरांत ते फार वापरलं जायचं. त्याच्या तेलाने त्वचेला तीव्र अॅलर्जी होते म्हणून अत्तर उद्योगाच्या नियमांत ते पूर्ण वर्ज्य आहे. हुंगा आणि परत ठेवा.

जनावरी वास, आणि आधी कायदा

कस्तुरीमृग भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. जत्रेत, घाटावर कुणी केसाळ गोळी दाखवून अस्सल कस्तुरी म्हणाला तर ती खरी असली तरी गुन्हा आणि खोटी असली तरी पैसे गेले. तीच गोष्ट बातम्यांत ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून येणाऱ्या अंबरची. ती उलटीही नाही. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, न पचलेल्या माखुलाच्या चोचींभोवती ते साठतं. भारतात ते बाळगणं, विकणं बेकायदेशीर आहे. या दोन्ही वासांसाठी आज कुठल्याही प्राण्याला हात लावायची गरज उरलेली नाही, आणि मला स्वतःला हे या क्षेत्रातलं सगळ्यात चांगलं काम वाटतं. कस्तुरीतला मस्कोन हा रेणू १९०६ मध्ये वेगळा झाला, १९२६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रुझिच्का यांनी त्याची पंधरा कार्बनांच्या कड्याची रचना उलगडली. अंबरचं मर्म असलेला अॅम्ब्रॉक्साइड हा रेणू क्लॅरी सेज या झाडातल्या स्क्लॅरिऑलपासून बनवता येतो. डिओरच्या २०१५ च्या सोव्हाजमध्ये जो कोरडा, खारट उजेड लागतो तो बराचसा त्याचाच.

वनस्पतीतली कस्तुरी हवी असेल तर कस्तुरभेंडी. बी कुटू नका, वास टरफलात असतो. चार दाणे तळहातात घेऊन गरम होईपर्यंत चोळा. पिकलेलं फळ, थोडी दारू, आणि मागून अंगाची ऊब. त्यातला अॅम्ब्रेटोलाइड हा रेणू मस्कोनसारखाच मोठ्या कड्याचा आहे, म्हणून नाकाला नातं लागतं.

पण जनावरी वासाची खरी शाळा फुलबाजारात आहे. संध्याकाळी मोगऱ्याचा ताजा गजरा घ्या, रात्री हुंगा, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या तपकिरी झाल्या की परत हुंगा. सकाळी जो जड, कुबट, किंचित लाज वाटावी असा वास वर येतो, तो रात्रीही होताच. फुलांच्या गोडीखाली दबलेला होता. तो इंडोल नावाच्या रेणूचा. चमेलीच्या अर्कात तो दोन-अडीच टक्के भरतो. शुद्ध स्फटिक हुंगला तर डांबरगोळी आणि विष्ठा, दोन्ही आठवतात. एक टक्क्याच्या द्रावणात मात्र तो फूल होतो. गोठ्याच्या वासात पॅरा-क्रेसॉल असतो. पांजरपोळाच्या फाटकाशी उभं राहिलात तर चारा आणि शेण यांच्या मधला जो उग्र-गोड वास येतो, तो लक्षात ठेवा. नार्सिसस आणि इलंग-इलंग या फुलांतही त्याचे भाऊबंद आहेत. शुद्ध पॅरा-क्रेसॉल त्वचा भाजतो, तो विकत घेऊ नका. त्याचा अॅसिटेट, एक टक्का द्रावणात, पुरेसा आहे.

जिरंही याच रांगेतलं. थोड्या जिऱ्याच्या तेलाने अत्तराला घामेजलेल्या मानेचा वास येतो. पण ते लावून उन्हात गेलं तर त्वचेला त्रास होतो, म्हणून मी ते फक्त कागदावर शिकण्यापुरतं ठेवलंय.

ऊदाबद्दल पुष्कळ जण विचारतात. आसामच्या ऊदाला गोठ्याचा वास येतो तो लाकूड ऊर्ध्वपातनाआधी दिवसेंदिवस पाण्यात भिजत, आंबत ठेवल्यामुळे. चांगलं तेल फार महाग. सुरुवातीला नको.

मिसळणं

लागणारं सामान: ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा, दहा मिलीच्या गडद काचेच्या बाटल्या, ड्रॉपर, चित्रकलेच्या जाड कागदाच्या पट्ट्या, लेबलं. द्रावक म्हणून सौंदर्यप्रसाधन दर्जाचं डायप्रोपिलिन ग्लायकॉल, म्हणजे डीपीजी. घेताना नाव नीट वाचा, डायइथिलिन ग्लायकॉल हा वेगळा आणि विषारी पदार्थ आहे. शुद्ध अल्कोहोलवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियम आहेत, घरी डीपीजीवर भागतं. खोबरेल किंवा जोजोबा तेल डीपीजीत मिसळत नाही, दोन थर होतात, म्हणून एकच द्रावक धरा.

थेंब मोजू नका, वजन करा. वाळ्याचा थेंब जड असतो, लिनालूल या फुलांच्या वासाच्या रेणूचा हलका. एक ग्रॅम पदार्थ आणि नऊ ग्रॅम डीपीजी म्हणजे दहा टक्के. त्यातला एक ग्रॅम पुन्हा नऊ ग्रॅममध्ये, म्हणजे एक टक्का. जिओस्मिन शक्यतो एक टक्का द्रावणातच विकत घ्या आणि तिथून आणखी दोनदा याच पद्धतीने उतरवून ०.०१ टक्क्यावर आणा. हे काम गॅलरीत, हातमोजे घालून करा. सांडलं तर घर महिनाभर तळघर होईल.

पहिल्या पावसासाठी मी ही मात्रा देते. एकूण पाच ग्रॅम होतात:

वाळ्याचं तेल १.५० ग्रॅम
चंदनाचं तेल, किंवा परवडत नसेल तर आयसो ई सुपर हा कृत्रिम लाकडी वास १.६० ग्रॅम
पॅचौली ०.८० ग्रॅम
व्हेरामॉस १० टक्के ०.५० ग्रॅम
नागरमोथा तेल ०.४० ग्रॅम
जिओस्मिन ०.०१ टक्के ०.२० ग्रॅम

जिओस्मिन शेवटी, आणि आधी निम्मंच. बाटली बंद करून हलवा, पट्टी बुडवा, खोलीबाहेर जाऊन या आणि मग हुंगा. नाक या वासाला पटकन थकतं. लागोपाठ हुंगत बसलात तर तो नाहीच असं वाटेल आणि हात सैल सुटेल. उरलेलं निम्मं दुसऱ्या दिवशी ठरवा. मिश्रण वाळ्याचं वाटायला हवं, फक्त ती मुळी नुकतीच ओल्या जमिनीतून उपटल्यासारखी. बीट वाटू लागलं तर मात्रा जास्त झाली.

दुसरं मिश्रण मोगऱ्याचं. हेडिओन २.०० ग्रॅम, बेंझिल अॅसिटेट १.२० (दोन्ही चमेलीच्या वळणाची), इथिलिन ब्रासिलेट हे कस्तुरीवर्गी १.००, लिनालूल ०.५०. हे एवढंच आधी मिसळा आणि एक पट्टी बाजूला ठेवा. सुंदर, पातळ, साबणाकडे जाणारं फूल. आता इंडोल दहा टक्के द्रावणातलं ०.२० ग्रॅम, पण ०.०५ च्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्याला नवी पट्टी. बहुधा तिसऱ्या पट्टीवर फुलाला देठ आणि अंग येतं. शेवटी पॅरा-क्रेसिल अॅसिटेट एक टक्का ०.१० ग्रॅम. यानंतर त्या पहिल्या पट्टीकडे परत या. ती आता कागदी वाटेल. अत्तरातला जनावरी वास काय काम करतो हे मी कितीही शब्दांत सांगितलं तरी या दोन पट्ट्यांइतकं कळणार नाही, म्हणून हा प्रयोग टाळू नका.

दोन्ही मिश्रणं अंधारात किमान दोन-तीन आठवडे मुरू द्या. मग दीड ग्रॅम मिश्रण आणि साडेआठ ग्रॅम डीपीजी, अशी अंगाला लावायची बाटली भरा. लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका, चोवीस तास वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर ते तुमच्यासाठी नाही.

मत विचारताना एकट्या माणसावर विसंबू नका, विशेषतः कस्तुरीच्या बाबतीत. काही कृत्रिम कस्तुरी काही जणांना अजिबातच येत नाहीत, नाक निरोगी असूनसुद्धा. माझ्या नणंदेला गॅलॅक्सोलाइड शून्य येतं, सासूबाईंना तेच दारातून येतं. “वहिनी, यात काहीच नाहीये गं,” असं ती म्हणते तेव्हा मी बाटलीत आणखी काही ओतत नाही, दुसऱ्या नाकाला विचारते.

हवामानही पाहा. मेच्या कोरड्या उन्हात मोगऱ्यातलं इंडोल पटकन उठतं आणि उग्र वाटतं, तेव्हा निम्मं लावा. पावसाळी दमट दिवशी वाळा-नागरमोथा अंगावर जास्त फुलतो. डिसेंबरच्या नाशकातल्या थंडीत हे सगळे वास मनगटाशी बसून राहतात, म्हणून मी तेव्हा ते मानेवर, स्वेटरच्या आत लावते. लोकरीवर पॅचौली आठवडाभर टिकते. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली पॅचौलीच्या पानांत बांधून युरोपला जायच्या त्या कसरीपासून वाचवायला, आणि तिथल्या बायकांना तो वासच अस्सल शालीची खूण वाटू लागला.

मात्रा चुकून जास्त झाली तर बाटलीत फुलं ओतून झाकायला जाऊ नका, ती कधी पुरत नाहीत. त्या मिश्रणाचा एक भाग घ्या आणि जिओस्मिन किंवा इंडोल नसलेल्या त्याच मिश्रणाचे चार भाग वजन करून घाला. यासाठीच मूळ मिश्रणाची एक बाटली नेहमी वेगळी ठेवायची. जिओस्मिनची बाटली घट्ट बंद करून दोन झिपच्या पिशव्यांत, बाकीच्या तेलांपासून लांब, कपड्यांच्या कपाटात तर अजिबात नाही. लेबलवर पदार्थ, टक्केवारी आणि तारीख, तिन्ही लिहा. ०.०१ आणि १ टक्का या दोन बाटल्या दिसायला अगदी सारख्या असतात.